दह्याच्या डब्यावरचा मानोल

आमच्या देशाने जगाला काय दिलं, हे आमच्याकडे कुणाला विचारू नका. विचारलंत तर संध्याकाळपर्यंत सुटका नाही. जगाच्या पाठीवर कुठेही, कसलाही शोध लागू दे, आमची माणसं तो लावणाऱ्याचा बाप, नाहीतर आजोबा, अगदीच नाही जमलं तर त्याच्या घरी दूध घालणारा तरी बल्गेरियन काढतातच. आणि समोरच्याने फारच शंका घेतली तर हुकमाचा एक्का ठरलेला: दही. दह्यातल्या एका जंतूला साक्षात आमच्या देशाचं नाव आहे. जंतू तो केवढा, पण त्यापायी आमच्या छात्या किती फुगतात म्हणून सांगू!

तर अशा या देशात, रोदोपीच्या डोंगरात, रावनिश्ते गावी मानोल पेइचिनोव राहत होता. त्याला साऱ्या देशात ओळखत. पांढऱ्या मिशा, मेंढीच्या कातड्याची टोपी असा त्याचा फोटो गावच्या डेअरीच्या प्रत्येक डब्यावर होता आणि खाली छापलेलं होतं: ‘मानोल आजोबा, वय १०२. रोज एक वाटी.’

यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे मानोलला दही सोसत नसे. चमचाभर खाल्लं तरी त्याच्या पोटात दिवसभर गुरगुरायचं. तो घेवड्याच्या सूपवर जगायचा आणि सकाळी उठल्याउठल्या आलुबुखाराची घरी गाळलेली राकिया टोपणभर घ्यायचा. डेअरीतून येणारा डबा तो शेजारच्या डुकराला घाले. ते डुक्कर मात्र काय तुकतुकीत झालं होतं!

दुसरी अडचण जरा मोठी. मानोल एकशे दोनचा नव्हताच. तो चौऱ्याऐंशीचा होता.

त्याने कुणाला फसवलं नव्हतं हो. झालं होतं असं, की त्याच्या आधी, १९०२ साली, त्याच्या आईला एक मुलगा झाला होता. त्याचंही नाव मानोल. तीन वर्षांचा असताना ऐन बर्फात तापाने गेला. पाद्रीबुवा खालच्या गावात अडकलेले, त्यामुळे मृत्यूची नोंद कुठे झालीच नाही. पुढे पंधरा वर्षांनी या बाईला पुन्हा मुलगा झाला. आमच्याकडे गेलेल्या लेकराचं नाव मागून आलेल्याला ठेवायची रीत आहे, तशी तिने ठेवली. बाप नाव घालायला गेला, तर पाद्रीबुवांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाले, “मानोल ना? तुझाच ना? हा काय, आहे की आधीच. उगाच शाई कशाला घालवायची?”

झालं! मानोल जन्मला तोच अठरा वर्षांचा.

दोन वर्षांनी सरकारचा शिपाई दारात उभा. वीस वर्षांच्या तरुणांना तेव्हा रस्त्यांवर खडी फोडायला सक्तीने नेत. “मानोल पेइचिनोव कुठाय?” त्याने दरडावून विचारलं. आईने काठवटीत बसून पाणी उडवणाऱ्या पोराकडे बोट दाखवलं. शिपाई बराच वेळ कागदाकडे आणि पोराकडे आळीपाळीने बघत राहिला. कागद खोटा म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती. शेवटी त्याने पेन्सिल ओली करून लिहिलं, ‘उंची कमी. अपात्र.’

सातव्या वर्षी शाळेत गेला तर मास्तर त्याच्याहून एक वर्षाने लहान निघाला. चव्वेचाळीस साली बरोबरीचे सगळे लढाईवर गेले, हा कागदोपत्री चाळिशी उलटलेला म्हणून मेंढ्यांमागे राहिला. त्यातले तिघे परत आले नाहीत. बेचाळिसाव्या वर्षी मेंढ्यांच्या सहकारी संस्थेने त्याला फुलं आणि मनगटी घड्याळ देऊन निवृत्त केलं आणि ‘आता आराम करा, आजोबा,’ म्हणून पाठ थोपटली. मानोल घरी आला आणि खाटेवर बसून रडला. आराम कशाचा करायचा, हेच त्याला कळेना.

लग्नाचंही तेच. पंचविशीत दोन गावं पलीकडे मुलगी बघायला गेला. गडी देखणा, मुलगी लाजली, आई पाघळली. पण मुलीचा बाप चोख, त्याने दाखला मागितला. “त्रेचाळीस?” तो ओरडला, “अरे, मी एक्केचाळीसचा आहे! तू मला सासरा म्हणणार की मी तुला?” दुसऱ्या ठिकाणीही तसंच झालं. तिसऱ्या ठिकाणी मानोल गेलाच नाही.

खरं ठाऊक असलेली माणसं एकेक करून कबरस्तानात गेली. उरली ती कागदावर विश्वास ठेवणारी.

आणि या वयात, बघा, म्हातारा प्रेमात पडला.

फिदांका शहात्तर वर्षांची विधवा. भाचीकडे राहायला म्हणून गावात आली आणि बाजाराच्या दिवशी लोकरीचे मोजे आणि डोंगरी चहाच्या जुड्या विकायला बसू लागली. जीभ अशी तिखट, की गिऱ्हाईक भाव करायच्या आधी दोनदा विचार करी. मानोलने एका वर्षात अकरा जोड मोजे घेतले.

“पाय किती आहेत तुम्हांला?” तिने विचारलं.

“दोनच. पण येण्याजाण्याने झिजतात.”

ती हसली. मग त्याने दर बाजाराला तिची मोज्यांची टोपली घरापर्यंत पोचवली, तिने त्याच्या कोटाला गुंड्या लावल्या. ऑगस्टात मानोलने टोपी काढून सरळ विचारलं.

“तुम्ही मला आवडता,” फिदांका म्हणाली, “उगाच नाही का म्हणू? पण माझा पहिला नवरा गेला त्याची शोकपत्रिका अजून माझ्या दारावर चिकटलेली आहे. दर वर्षी नवी चिकटवते. एकशे दोन वर्षांचा नवरा केला तर लग्नाचा हार आणि तुमची शोकपत्रिका एकाच खिळ्याला लटकवावी लागेल. शिवाय लोक म्हणतील, म्हातारीने वस्तुसंग्रहालयाशी लग्न लावलं.”

“अगं, मी चौऱ्याऐंशीचा आहे!”

“सगळे पुरुष वय चोरतात, पण एकदम अठरा वर्षं? लाज धरा थोडी. चौऱ्याऐंशीचे असाल तर चारचौघांत सिद्ध करा. चौऱ्याऐंशीच्या मानोलला मी उद्या हो म्हणेन.”

मानोल तडक सरपंचाकडे गेला. सरपंच रायचो हाच डेअरीचा मालक, आणि त्या सप्टेंबरात तो दह्याची जत्रा भरवत होता. राजधानीतून दीर्घायुष्यावर संशोधन करणाऱ्या प्राध्यापिका काल्चेवा येणार होत्या, जपानहून दह्याचे चार व्यापारी येणार होते. सगळ्यांसमोर मानोलच्या एकशे दोन वर्षांचा केक कापायचा होता.

“रायचो, माझं वय चुकलंय,” मानोल म्हणाला. “वहीत दुरुस्ती कर.”

रायचोने दार लावून घेतलं. “आजोबा, तुमच्या पाया पडतो. आपला देश केवढा? मुठीएवढा. त्याने विज्ञानाला काय दिलं तर दही. दह्याने काय होतं? माणूस जगतो. कोण जगलं? तुम्ही! तुम्हीच चौऱ्याऐंशीचे झालात तर विज्ञानाने जायचं कुठे?”

“विज्ञान जाऊ दे खड्ड्यात. मला लग्न करायचंय.”

“कुणाशी?” रायचोने डोळे विस्फारले. “या वयात?”

“त्याच वयाबद्दल बोलतोय मी, गाढवा!”

पण रायचो काही बधला नाही. मग मानोलने मनाशी ठरवलं, जत्रेतच सांगायचं.

जत्रेच्या दिवशी चौकात ही गर्दी. गायदा, म्हणजे आमचा कातडी पिशवीचा पावा, वाजत होती, लाकडी बादल्यांत दही मांडलं होतं, पहिल्या रांगेत जपानी पाहुणे गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. फिदांका कडेला मोजे विकत होती, पण कान इकडेच. मानोलला केकपाशी उभं केलं. त्याने माईक हातात घेतला. 

“मंडळी, मी एकशे दोनचा नाही. माझा थोरला भाऊ एकशे दोनचा असता, तो लहानपणीच वारला. मी चौऱ्याऐंशीचा. आणि मला दही पचत नाही.”

 रायचोचा चेहरा दह्यासारखा पांढरा झाला. दुभाष्याने जपानीत सांगितलं, तसे चारही पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

प्राध्यापिका काल्चेवा मात्र ताडकन उठल्या. त्यांनी पिशवीतून यंत्र काढलं, मानोलचा रक्तदाब मोजला, छातीला नळी लावली, गुडघ्यावर हातोडी मारली. गुडघा टणकन उडाला आणि केकचा वरचा थर खाली आला. काल्चेवाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

“मंडळी!” त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या, “हृदय बरोब्बर चौऱ्याऐंशी वर्षांचं आहे! अठरा वर्षांनी तरुण! आणि नुसतं हृदयच नाही, ऐकलंत ना, मेंदूसुद्धा स्वतःला चौऱ्याऐंशीचाच समजतो! असं जगात आजवर कुठे आढळलेलं नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. गायदा पुन्हा सुरू झाली.

“अहो, पण मला दही पचत नाही!” मानोल ओरडला.

“अगदी बरोबर!” बाई म्हणाल्या. “शरीरातच इतके जंतू आहेत, की आणखी मावत नाहीत.”

मानोलचा संताप मस्तकात गेला. “चला,” तो म्हणाला, “पुरावा दाखवतो. चला सगळे!”

तो पुढे आणि मागे प्राध्यापिका, सरपंच, जपानी, गायदावाला आणि अर्धं गाव असे सगळे टेकडीवरच्या कबरस्तानात आले. भिंतीजवळ, जंगली गुलाबाच्या झुडपाखाली एक लहानसा दगड होता. मानोलने गुडघे टेकून वरचं शेवाळ नखाने खरवडलं. खाली अक्षरं दिसली: ‘मानोल पेइचिनोव. १९०२ –’ आणि पुढे दगड कोरा.

गवंड्याला तेव्हा सवड नव्हती, मागून कोरतो म्हणाला आणि राहूनच गेलं. मानोलला हे ठाऊक होतं, पण घाईत ध्यानात आलं नव्हतं.

“अच्छा!” काल्चेवाबाई हळुवारपणे म्हणाल्या. “म्हणजे यांनी स्वतःचा दगड आधीच करून ठेवलाय.” आणि त्यात गैर तरी काय? आमच्याकडे म्हातारी माणसं हयातीतच दगड करून घेतात, नाव आणि जन्मसाल कोरतात आणि शेवटचं साल तेवढं मोकळं ठेवतात. रायचोच्या स्वतःच्या बापाचा तसाच दगड दहा पावलांवर उभा होता आणि बाप दगडाला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. “बघा, जन्मसाल १९०२!” रायचोने आरोळी ठोकली. “दगड काय खोटं बोलतो?” जपानी पाहुण्यांनी मानोलला मधे घेऊन, त्याच्याच कबरीपाशी, ओळीने फोटो काढून घेतले आणि कमरेत वाकून निरोप घेतला.

सगळे केककडे परतले. मानोल तिथेच गवतात बसून राहिला. सगळं संपलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांत त्याला एकच गोष्ट हवी होती, आणि ती याच वहीपायी आता तिसऱ्यांदा हातची गेली.

फिदांका गेली नव्हती. ती पुढे आली, दगडापाशी वाकली आणि वितीने माती मोजायला लागली. डोक्याकडून पायाकडे कडेचे चिमुकले धोंडे लावलेले होते. एक वीत, दोन, तीन, चार. पाचव्या वितीला धोंडे संपले.

 तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. “या शिकल्यासवरलेल्यांना एवढंही दिसू नये? एवढ्याशा जागेत मोठा माणूस मावतो होय?”

मानोलने मान हलवली.  “आई रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून हाक मारायची, ‘मानोल!’ मी धावत जायचो. ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत असायची. मी पोचलो तरी बघत असायची. मारायची नाही, रागवायची नाही. पण ती हाक माझी नव्हती, फिदांका. मला ते समजायचं.”

फिदांका त्याच्या शेजारी गवतात बसली. खालून गायदेचा आवाज येत होता.

“सोमवारी कचेरीत जाऊ,” ती म्हणाली. “रायचोला कागदावर एकशे दोन लिहायचं तर लिहू दे, दोनशे लिहू दे. लग्न मला करायचंय, कागदाला नाही.” मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, चार पावलं उतरली, वळली आणि तिने हाक मारली, “मानोल!”

म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं, त्या दगडाकडे.

“तिकडे काय बघतोस?” फिदांका म्हणाली. “तुलाच म्हणतेय.”