तिरळा गणपती

व्हेप सोडायची असेल तर त्या महिन्यात गणपतीचे डोळे आखू नयेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमचा पेणला मूर्तींचा कारखाना. मी बारावीत असताना बाबांनी जाहीर केलं, यंदा डोळ्यांची आखणी पोरगी करणार. कारखान्यात याहून मानाचं काम नाही. हात हलला की देव बिघडला. आणि नेमकं तेव्हाच आम्ही कॉलेजातल्या सहा जणींनी व्हेप सोडायचं ठरवलं होतं. घरात आंब्याची आढी असताना आम्ही त्या ई-सिगारेटमधून आंब्याच्या वासाची वाफ ओढायचो, याची आता लाज वाटते.

आम्ही जोड्या लावल्या. तल्लफ आली की जोडीदारणीला फोन करायचा आणि तल्लफ उतरेपर्यंत तिनं बोलत राहायचं. माझ्या वाट्याला रोह्याची मैत्रीण आली. तिच्याकडे विषय एकच, मावशीच्या लग्नातलं भांडण. ते इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे तिच्या चुका मीच दुरुस्त करायला लागले.

चौथ्या दिवशी हात थरथरायला लागला. डाव्या हातानं उजवं मनगट धरून पाहिलं, तरी एक बुबुळ सोंडेकडे गेलं आणि दुसरं कानाकडे.

"हात का थरथरतोय गो?" बाबांनी विचारलं.

मी खरं ते सांगून टाकलं. त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. मग म्हणाले, डोळे मी बघतो, तू पाट रंगव. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी मागच्या पडवीत जाऊन फोन लावला. पण पलीकडे मावशीचं लग्न लागेना. तीही रडत होती, आणि लपवून ठेवलेली व्हेप तिच्या हातात होती. मी म्हटलं, ओढू नको, तशीच गाडीत बस.

दुपारच्या गाडीनं ती आली आणि व्हेप माझ्याकडे दिली. बाबा त्या मूर्तीचे डोळे पुसायला बसले होते. तिनं त्यांना थांबवलं.

"काका, आमच्याकडं हाच द्या. याचा एक डोळा पेणवर हाय नि एक रोह्यावर. दोघींवर लक्ष राहील."

त्या दिवसात बाबा पहिल्यांदा हसले. गणपती रोह्याला गेला. देवाच्या नजरेसमोर उभं राहायचं तर नक्की कुठं, म्हणून आरतीला माणसं पाच दिवस इकडून तिकडे सरकत होती.

यंदा तिनं पुन्हा तस्साच मागितलाय. मी कागदावर दहादा काढून पाहिला, डोळे सरळच येतात. बाबा म्हणाले, तिला कळव, तिरळा आता आपल्याकडं मिळत नाय.