शकुमावशीचे रिकामे हात

शकुमावशीचं वाटोळं दोघांनी केलं. एक तिचा नवरा. तो दारूत गेला, त्याला आता विचारता येत नाही. दुसरा मी. माझं मी लिहितो.

मावशीचा बाप गोंदियाकडून जबलपूरला आला तो बिड्या वळायलाच. पुढं राज्यं वाटली, नागपूर तिकडं महाराष्ट्रात गेलं, आमची वस्ती इकडं मध्य प्रदेशात राहिली. बिडी दोन्हीकडं तीच. सात वर्षांची असल्यापासून मावशीच्या मांडीवर सूप, त्यात ठेकेदाराकडून आणलेली तेंदूची कापलेली पानं, तंबाखू आणि दोरा.

तिची एकुलती एक जया पहिल्या बाळंतपणात गेली. वर्षभर मावशी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायची, "लवकर नेली असती दवाखान्यात, तं वाचली असती का जी?" कोण काय सांगणार! लोक रस्ता बदलून जायचे.

मग आमच्या विहारात एक म्हातारे भंतेजी पावसाळाभर वर्षावासाला राहिले. ते श्वासावर लक्ष ठेवायला शिकवत. मावशी म्हणाली, "भंतेजी, डोळे मिटले का पोरगीच दिसते."

"मग उघडे ठेव, माय. हात काय करून राहिला, तेवढंच पाहा."

मावशीनं ते धरलं. पान उचललं, कळलं. तंबाखू भरली, कळलं. दोरा फिरवला, कळलं. जया आठवली, तेही कळलं. मग पुन्हा पान. नळावर झिंज्या ओढेपर्यंत भांडणं चाललेली असत आणि शेजारी मावशी आपली शांत. बायका चिडवत, "शकुबाई, तुझी बिडी पिऊन ठेकेदाराले निर्वाण भेटन हो!" मावशी हसायची. जया गेल्यावर पहिल्यांदाच.

मी तेव्हा व्यसनमुक्तीच्या मागं लागलेलो. भल्याभल्यांच्या तोंडातल्या बिड्या काढून नालीत फेकायचो. बुद्धपौर्णिमेला विहारात पंचशील सांगायचा मान मावशीला मिळाला. ती पाचव्या शीलावर आली, नशेपासून दूर राहीन म्हणाली, आणि माझं डोकं सटकलं. भर सभेत उभा राहिलो.

"मावशी, तू पीत नाही, मान्य. पण साऱ्या जबलपूरले पाजते ना! भगवंतानं विषाचा धंदा करू नका म्हटलं, ते कोणासाठी?"

टाळ्या पडल्या. गोड लागल्या, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्याच दिवशी मावशीनं पानं-तंबाखू ठेकेदाराला परत केली. सदर बाजारात एका हॉटेलात भांडी घासायला लागली. मी वस्तीभर सांगत फिरलो, बघा, एक घर सुटलं.

दोन महिन्यांत मावशी अर्धी झाली. रविवारी ध्यानाला बसायची आणि पाच मिनिटांत उठून बाहेर. एकदा मी मागं गेलो. पायरीवर बसली होती. माझ्याकडं पाहून म्हणाली, "गुणवंता, लवकर नेली असती तं वाचली असती का रे?"

मी तिथूनच निघालो.

ज्या ठेकेदाराशी बिडीवरून दर महिन्याला भांडायचो त्याच्या दारात गेलो, हात जोडले. तो म्हणाला, "क्यों नेताजी, आज नाली में नहीं फेंकोगे?" गिळलं. पानं-तंबाखूचं गाठोडं मावशीपुढं ठेवलं.

"चुकलो मावशी. घे, वळ. कोण बोलते ते मी पाहतो."

तिनं एक पान उचललं. बोटं आपोआप वळली. मग तिनं पान खाली ठेवलं.

"नेऊन दे."

"काहून पण? माझ्यावर राग आहे ना? घाल शिव्या!"

"तू बोलला म्हणून नाही सोडलं रे. खरं होतं म्हणून सोडलं."

"मग भांड्यांवर लक्ष ठेव ना. भंतेजी तं म्हणत, कोणतंही काम चालते."

"तूच ये एक दिवस घासाले. मालक मागून ओरडून राहिला, चल जल्दी कर, जल्दी कर. ताट हातात आलं का गेलं. त्यात मी कुठं सापडत नाही." पदर खोचत म्हणाली, "ठेवून पाहतेच रोज. होईन तं होईन."

नाही झालं तर, हे मी विचारलं नाही. तिची कामावर जायची वेळ झाली होती. ती पुढं चालली, मी गाठोडं घेऊन मागं. सदरपर्यंत ती बिडी वळावी तसा अंगठा बोटावर घासत होती.