बसप्पाचं कुलूप

बसप्पा मिस्त्री कुठल्याही दुकानासमोर नीट उभा राहायचा नाही. शटरच्या एका अंगाला, खांबाला चिकटून, मान तिरकी करून वर बघत राहायचा. चहा दिला तरी तिथूनच हात लांब करायचा. "आत या की," म्हटलं तर आधी वरच्या गुंडाळीकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि म्हणायचा, "नंबब्याडरी, अण्णा." म्हणजे कानडीत, विश्वास ठेवू नका. शटरवर की तुमच्यावर, ते त्याने कधी सांगितलं नाही.

हुबळीतल्या दुकानांच्या शटरच्या स्प्रिंगा बसवणं आणि दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. साठी ओलांडलेला, काटक माणूस. खांद्याच्या पिशवीत कायम दोरीचं भेंडोळं. जुन्या हुबळीतल्या आमच्या गल्लीत तो बिनबोलावता यायचा, ही माझी पहिली तक्रार. आमचं इरकली लुगड्यांचं आणि खणांचं दुकान. पणजोबा मिरजेकडून येऊन इथे स्थिरावले. रोज सकाळी हा समोरच्या चहाच्या गाड्यापाशी उभा राहून आमच्या शटरकडे टक लावून बघायचा. त्याच सुमारास गल्लीच्या तोंडाशी एका दुकानात चोरी झाली होती, तीही शटर वाकवून. मला काय वाटत असेल ते सांगायला नकोच.

दुकान उघडायचा मान आमच्या नानांचा, म्हणजे वडिलांचा. वय शहात्तर. आधी शटर निम्मं वर करायचं, त्याखाली वाकून उंबरा पुसायचा, हळदकुंकू वाहायचं, उदबत्ती लावायची आणि मग पुरतं उघडायचं, हा आमचा रिवाज. शटर निम्म्यावर थांबावं म्हणून खाली जुना लाकडी गज उभा करायचा. कापड गजावर मोजायचे त्या काळातला. नाना त्यालाही कुंकू लावत. अलीकडे त्यांना शटर जड जायला लागलं होतं. वय झालं आता, असं आम्ही घरात बोलायचो.

एके सकाळी बसप्पा रस्ता ओलांडून आला आणि गजाकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यो कशाला?"

"पद्धत आहे आमची," नाना म्हणाले.

"पद्धत नव्हे हो नाना, स्प्रिंग तुटलीया. चांगलं शटर निम्म्यावर सोडलं की तिथंच उभं राहतंय. खाली आलं तर स्प्रिंग थकली, आपणच वर पळालं तर जास्त आवळली. तुमी शटर उचलता म्हणता? छे! स्प्रिंग उचलती, तुमी नुस्तं हात लावायचं. आता दोनातली एक मेलीया. तिचं काम तुमी करायलाय. झाकण काढून बघू."

नानांनी हसून सोडून दिलं. मला मात्र वेगळाच वास आला. शटर रोज उघडतंय, मिटतंय, आणि हा म्हणतो झाकण काढून बघू. आत अडसर आहे का, कुलपं कसली आहेत, सगळं ह्याला बघायचंय तर! मी त्याला वाटेला लावलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण गल्लीतल्या पाच-सहा दुकानदारांना मी गाठून सांगितलं, ह्या माणसाला शटरला हात लावू देऊ नका, ह्याची नजर बरी नाही. लोकांनी ऐकलं. त्याला बोलावणं बंद झालं. चहाच्या गाड्यापाशी यायचा मात्र तो थांबला नाही.

खंडेनवमीला आम्ही शटरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत पूजेतलं गोडेतेल ओतायचो. ते बघून तो तिथूनच ओरडला, "अण्णा, भजी तळायलाय काय? धूळ बसून चिखल होतंय. पुसून काढा, बोटभर ग्रीस लावा, बास!" मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण तो गेल्यावर, गुपचूप.

मग एका संध्याकाळी शटर खाली ओढताना वरून टण्णकन आवाज आला. बसप्पा कप टाकून धावत आला. "दुसरीला तडा गेला, अण्णा. उद्या नानांना हात लावू देऊ नका. मी सांगितलो, ध्यानात ठेवा." "बघू," म्हणून मी कुलपं लावली आणि निघालो. घरी नानांना बोललोसुद्धा नाही.

सकाळी नानांबरोबर जाऊन बघतो तर आमच्या दोन कुलपांशेजारी तिसरं कुलूप. जुनं, पितळी, आमचं नव्हे. माझं डोकंच फिरलं. चोर कुलूप तोडतो, लावत नाही, एवढंही सुचलं नाही. पोलिसांना फोन लावायला मोबाइल काढला, तेवढ्यात खांद्यावर दोन लोखंडी पाइप घेऊन बसप्पा आला.

"कुलूप माझं," तो म्हणाला.

"आमच्या दुकानाला कुलूप लावणारे तुम्ही कोण?"

"ओरडा, अण्णा. नाना खाली वाकायच्या आधी ओरडा. मागनं ओरडून काय उपयोग?"

नानांनी माझ्या हातातला मोबाइल खाली केला आणि बसप्पाला म्हणाले, "उघड."

शेजारच्या दुकानातली दोघं आली, चौघांनी मिळून शटर वर रेटलं. बसप्पाने दोन्ही बाजूंना पाइप लावले, गुंडाळी दोरीने करकचून बांधली, सगळ्यांना लांब पिटाळलं आणि मगच वरचं झाकण काढलं. एक स्प्रिंग कधीचीच तुटून गंजली होती. दुसरीचा तडा पार कडेपर्यंत गेला होता. जेमतेम करंगळीच्या नखाएवढी पट्टी शाबूत. त्या पट्टीच्या भरवशावर माझा बाप आज खाली वाकणार होता. मी पायरीवरच बसलो.

बसप्पा शिडीवरून म्हणाला, "माझ्यावर घेतलासा त्यातला निम्मा संशय शटरवर घ्यायचा होता की."

नव्या स्प्रिंगा बसल्या. नानांनी एका हाताने शटर वर केलं, परत खाली घेतलं, परत वर केलं. मोठ्याने हसले. आपण म्हातारे झालो नव्हतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पुढे बसप्पा दर सहा महिन्यांनी यायचा. "चांगलं चालतंय तवाच बोलवा," म्हणायचा. गल्लीत मी परत फिरून सांगितलं का? सांगितलं, पण कसं, तर "आमचं काम बरं केलं हो त्याने," एवढंच. आधी बोललो ते खोटं होतं, हे तोंडातून निघालं नाही. तोवर लोकांनी तारिहाळकडचा नवा मिस्त्री धरला होता.

"कुणीतरी माझं नाव नासवलंय, अण्णा," बसप्पा एकदा म्हणाला. "मला त्या तारिहाळवाल्याचा संशय यायलाय."

मी त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. धारवाडला, केलगेरीत मुलीकडे राहायला गेला होता. छातीत दुखलं आणि दवाखान्यात न्यायच्या आत सगळं संपलं. पंधरा दिवसांनी मी भेटायला गेलो. मुलीने मला आधी कधी बघितलं नव्हतं, पण नाव सांगताच तिने खुर्ची पुढे केली.

"तुमीच काय ते अण्णा? अप्पा जगात कुणाला मानत नव्हते. तुमचं नाव मात्र घ्यायचे. बाजारात तेवढा एक सरळ माणूस, म्हणायचे."

तिने पदराने डोळे पुसले.

"एकच गोष्ट त्यांच्या जिवाला लागून राहिलेली, अण्णा. त्यांचं नाव कुणी घालवलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तुमी तिथलेच. तुमाला काही कळलं काय?"

"नाही," मी म्हणालो.

ती "हं" म्हणाली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.