ज्याला सगळ्यांत जवळून दिसलं

तोंडावर फ्रिस्बीची तबकडी पालथी ठेवली की दुपारचं ऊन दुधासारखं होतं. प्लॅस्टिकला गवताचा वास येतोय, आणि कुणाच्या तरी सनक्रीमचा. आमचे सामने संपलेत, अंतिम सामना दुसरेच दोन संघ खेळताहेत, आणि आम्ही बेल्जियमच्या गेंटचे सगळे जण क्लबच्या निळ्या छताखाली आडवे पडलोय. माझं डोकं कुणाच्या तरी किटबॅगवर आहे आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी. समुद्राकडून येणारा डेन्मार्कचा वारा छताचे दोर वाजवतोय.

मला झोपायचं नाहीये. उठल्यावर बक्षीस द्यायचं आहे, आणि तेच मला नको आहे.

"तूच द्यायचंस, शलाका," आमची कर्णधार एल्के सकाळी म्हणाली. "शेवटी सगळे संघ गोल करतील, त्यात उभी राहा आणि हणमंतबद्दल तुमच्या भाषेत थोडं बोल. मी व्हिडिओ काढून त्याच्या आईला पाठवणार आहे."

या स्पर्धेत सगळ्यांत प्रामाणिक खेळाडूला एक लाकडी तबकडी देतात. गेल्या हिवाळ्यात हणमंत पाटोळे झोपेतच गेला, हृदय बंद पडून, आणि यंदापासून त्या बक्षिसाला त्याचं नाव आहे. मधोमध त्याचा फोटो लावलाय, एक डोळा मिटून हसणारा. त्याची ती खोडच होती. सगळा युरोप त्या मिटलेल्या डोळ्यावर फिदा होता.

फ्रिस्बी म्हटलं की आपल्याकडे लोकांना चौपाटीवरचा कुत्रा आठवतो. माझ्या आईला अजून वाटतं की मी सुट्टीला जाते. हा सात-सात जणांचा खेळ आहे, गुडघे फोडणारा, आणि याला पंच नसतो. ज्याला जवळून दिसलं तो सांगतो आणि बाकीचे मानतात. दोन्हीकडचं जमलंच नाही, तर तबकडी फेकणाऱ्याकडे परत जाते आणि चाल पुन्हा होते. इतकं साधं आहे.

दोन वर्षांपूर्वी याच मैदानावर डेन्मार्कच्या एका संघाशी आमची बरोबरी झाली होती. पुढचा गुण ज्याचा, तो युरोपच्या अंतिम स्पर्धेला जाणार होता. तबकडी कडेच्या रेषेकडे वळली आणि मी झेप घेतली, फलटणला खो-खोत घ्यायचे तशी. तबकडी हातात होती आणि पाय आत होता. माझ्यामागे धावणारी मुलगी म्हणाली, बाहेर वाटतोय, पण खात्री नाही. मग सगळ्यांनी हणमंतदादाकडे पाहिलं, कारण रेषेपाशी तोच उभा होता, आणि तो आमचाच होता.

तो म्हणाला, "बाहेर. मी बघितलं."

त्यांनी त्याला मिठ्या मारल्या. पुढच्याच चालीत त्यांनी गुण घेतला आणि आम्ही घरी आलो. पुढच्या मोसमात माझा गुडघा गेला आणि तो दरवाजा कायमचा बंद झाला. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. ते चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मला झोपायचं नाहीये. दोर वाजताहेत. दूध हळूहळू घट्ट होतंय.

तबकडी तोंडावर नाहीये. मी कडेच्या रेषेपाशी उभी आहे, गुडघा दुखत नाहीये, आणि हणमंतदादा गवतात ओणवा होऊन काहीतरी शोधतोय. अंगात आमची जुनी जर्सी आहे, खांद्यावर उसवलेली.

"आलीस व्हय," तो वर न बघता म्हणतो. "जरा बघून पाय टाक."

"दादा, तू मेलायस ना?"

"मेलोय की. म्हणून काय मॅचला यायचं न्हाई?"

मी त्याच्याशी अबोला धरलाय हे मला आठवतं, पण तोवर बोलून झालेलं असतं. गडहिंग्लजचा माणूस मेल्यावरसुद्धा आधी तुम्हाला बोलतं करतो. याच माणसानं मला या खेळात आणलं. गेंटमध्ये माझा पहिलाच हिवाळा होता, कुणाशी ओळख नव्हती, आणि बागेत हा मराठीतून स्वतःलाच शिव्या देत तबकडी फेकत होता.

"काय शोधतोयस?"

"काय न्हाई. बटण."

"जर्सीला बटण नसतं."

"मग दुसरं कायतरी असंल."

तो बोटांनी गवत विंचरतोय. मीही वाकते. गवत विरळ होत जातं, खाली तांबडी माती लागते, आणि मान वर करते तर गडहिंग्लजच्या कबड्डीच्या मैदानात आहे. मी तिथं कधी गेलेले नाही, तरी ओळखते. फक्कीची रेषा ताजी आहे. भिंतीवर माणसं पाय सोडून बसलीत आणि शेंगा खाताहेत. हणमंतदादा रेषेवर उभा आहे, दम धरून. भिंतीवरून कुणीतरी ओरडतं, "ए ढापण्या, रेष बघ, रेष."

सगळे हसतात. तो एक डोळा मिटून हसतो.

"तुला का म्हणतात रे ढापण्या? तुला कुठं चष्मा होता?"

"आपल्याकडं कुणालाबी काहीबी म्हणत्यात," तो म्हणतो आणि पुन्हा खाली बसून माती चाळायला लागतो.

माती हाताला गार लागते, कारण ती माती नाहीच, फरशी आहे. त्याच्या गेंटच्या इमारतीचं तळघर, जिथं सगळ्यांची धुण्याची यंत्रं आहेत. एका यंत्रात आमच्या संघाच्या जर्सी फिरताहेत. सामन्यांनंतर धुणं नेहमी तोच न्यायचा. डेन्मार्कचा तो संघही इथं आहे, भिंतीला टेकून ओळीनं उभा, टाळ्या वाजवायच्या तयारीत. फरशीवरून कडेची रेषा गेली आहे, पांढरी.

हणमंतदादा यंत्राच्या दाराच्या रबरात बोट घालून फिरवतोय.

"दादा, माझा पाय कुठं होता?"

"बाहेर."

"माझ्याकडे बघून सांग."

तो रबर तपासत राहतो.

"त्या सकाळी रेषा ताज्या मारल्या होत्या," मी म्हणते. "ज्याचा पाय पडला त्याच्या बुटाला रंग लागत होता. एल्केच्या लागला होता, तुझ्या लागला होता. माझा बूट कोरा आहे. मी तो अजून धुतलेला नाही. दोन वर्षं कपाटात ठेवलाय, वेड्यासारखा."

"मग मला कशाला इचारतीस?"

"कारण सगळ्यांनी तुझं ऐकलं. मीसुद्धा ऐकलं. पहिले कितीतरी महिने मी बूट बघायचे आणि म्हणायचे, बूट खोटं बोलत असेल, हणमंतदादा नाही बोलणार."

यंत्र थांबतं. काचेतून जर्सी घसरत खाली येतात. भिंतीपाशी आता कुणी नाही, आणि आमच्या पायांखाली पुन्हा गवत आहे, ऊन आहे, आणि तो रेषेपाशी तसाच उभा आहे जसा त्या दिवशी होता. फक्त मी झेप घेतलेली नाही. मी त्याच्यासमोर आहे.

"मला दिसलं न्हाई," तो म्हणतो.

"काय?"

"दिसलंच न्हाई गं. आदल्या पॉइंटला धडक बसली तवा डावी लेन्स पडली. उजवी आधीच ओरखडलेली, असल्या उन्हात तिच्यातनं मला सगळं दूध. निळं कायतरी उडालं, एवढंच दिसलं."

"तू लेन्स लावायचास?"

"लहानपणापास्नं आंधळा हाय मी. ढापण्या, बॅटरी, काय काय ऐकलंय. कामाला लागल्यावर पहिल्या पगारात लेन्स घेतल्या आणि परत कुणाला कळू दिलं न्हाई. एखादी पडली की तो डोळा झाकायचा आणि हसायचं. लोकांना ते आवडायचं."

मला तो फोटो आठवतो. लाकडी तबकडीवरचा.

"मग दिसलं नाही म्हणायचं," मी म्हणते. "माहीत नाही म्हणायचं. तबकडी परत फेकणाऱ्याकडे गेली असती. आपण पुन्हा खेळलो असतो. दोन शब्द, दादा."

"सगळे माझ्याकडं बघत हुते. हणमंतला इचारा, हणमंत खोटं बोलत न्हाई. ती माणसं माझ्यावर इतका इस्वास टाकून उभी, आणि मी म्हणू, माहीत न्हाई?"

"हो."

"तुला सोपं वाटतंय."

"आणि मग आत का नाही म्हणालास? न बघताच बोलायचं होतं, तर आत म्हणायचं."

यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे बघतो. डावा डोळा मिटलेला आहे.

"आत म्हटलं असतं तर म्हणाले असते, आपल्या माणसाला राखतोय. बाहेर म्हटलं की कुणी शंका घेत न्हाई. आपल्याच माणसाच्या विरोधात बोलणाऱ्यावर जग लगीच इस्वास ठेवतंय. मला ते त्या टायमाला सोपं गेलं."

मला भयंकर राग येतो. जिवंतपणी याच्याशी भांडायची मी मनात किती उजळणी केली होती, कसले कसले मुद्दे काढून ठेवले होते. मला वाटायचं, तो फार खरा आहे आणि मी त्याच्या खरेपणाखाली चिरडले गेले. ते निदान सोसता येत होतं. आता तेही राहिलं नाही.

"रडी खेळलास तू," मी म्हणते. "गल्लीतली पोरंसुद्धा रडी खेळतात ती स्वतःच्या बाजूनं. माझ्या बाजूनं खोटं बोलला असतास तर मी चिडले असते, पण समजले असते. तू मला बाहेर काढलंस आणि स्वतः देव झालास."

"झालो खरा."

"ते तुला मिठ्या मारत होते आणि तू डोळा मिटून हसत होतास. मला वाटलं, मला चिडवतोयस."

"उघडला असता तर पाणी आलं असतं त्यातनं."

"येऊ द्यायचं होतं."

वारा येतो. लांब कुठंतरी छताचे दोर वाजताहेत, आणि मला कळतं की आता फार वेळ नाही.

"आज काय बोलणार हायस?" तो विचारतो.

"जे आहे ते."

"बोल. तिथं कुणाला कळणार हाय आपली भाषा." मग म्हणतो, "आईला तेवढी कळंल. गल्लीतल्या चार बायका बोलवून दाखवंल ती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय तिच्या, पण ऐकू येतंय चांगलं."

"हे तू आत्ता का सांगतोयस?"

"इचारलंस म्हणून."

मी विचारलं नव्हतं. हाही रडीचा डाव, मेल्यावरचा. पण मी म्हणत नाही. तो पुन्हा गुडघ्यांवर बसलाय आणि रेषेच्या कडेनं हात फिरवतोय, जिथं माझा पाय पडला होता तिथं. काही वेळ मी उभीच राहते. मग मीही बसते. का बसते मला माहीत नाही. एकट्याला शोधू द्यावं इतका राग माझ्यात आहे, तरी बसते. आम्ही दोघं गवताची पाती एक एक करून बाजूला करतो. त्याचा हात माझ्या हाताला लागतो आणि तो कोमट आहे, साधा कोमट.

ओलं, इवलंसं काहीतरी बोटाला चिकटतं.

"सापडली," मी म्हणते.

तो बघत नाही. "ऱ्हाऊ दे आता तुझ्याकडंच. मला काय बघायचं ऱ्हायलंय?"

"दादा, खरं सांग. लेन्स असती तर काय म्हणाला असतास?"

तो डावा डोळा उघडतो. मी त्याच्या तोंडाकडे बघतेय, आता बोलेल, आत्ता बोलेल, आणि ऊन पांढरं होत जातं, दुधासारखं, मग त्याहून पांढरं, आणि नाकाला प्लॅस्टिकचा वास येतो.

कुणीतरी माझ्या तोंडावरची तबकडी उचलतं. एल्के आहे.

"फायनल संपली," ती म्हणते. "गोल होतोय. चल."

बर्फाचं पाणी झालंय आणि माझी चटई भिजली आहे. मैदानात सगळ्या संघांचे लोक एकाआड एक उभे राहताहेत, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, इथली रीतच आहे तशी. मध्ये गवतावर लाकडी तबकडी ठेवली आहे. हणमंतदादा तिच्यातून आभाळाकडे बघून हसतोय, एक डोळा मिटून.

उठायला मी हात टेकते तेव्हा दिसतं. उजव्या हाताच्या बोटाच्या टोकावर एक वाळलेली लेन्स चिकटलेली आहे, माशाच्या खवल्यासारखी कडक. आमच्या संघात लेन्स कोण लावतं मला ठाऊक नाही. मी कधी कुणाला विचारलेलं नाही.

"ठरवलंस का काय बोलायचं?" एल्के फोनचा कॅमेरा सुरू करत विचारते.

मी बोटाकडे बघते, मग कॅमेऱ्याकडे.

"माहीत नाही," मी म्हणते. आणि ते दोन शब्द तोंडातून इतके सहज निघतात की मला त्याचा पुन्हा नव्यानं राग येतो.

मी गोलात जाते. दोन्हीकडची माणसं माझ्या खांद्यांवर हात टाकतात. डावा हात मी शेजारणीच्या खांद्यावर टाकते. उजवा टाकत नाही, ते बोट जपून पोटाशी धरते.