पावसाळ्यात आजारी पडलेल्या अळ्या

चाकणच्या पलीकडे आमच्या सासरच्या रानात तेव्हा तुती होती. माझं माहेर कासारवाडीचं. लग्नाआधी भाजीत अळी निघाली तरी मी ताट सारायचे. त्याच मला थोरल्या जाऊबाईंनी रेशमाच्या अळ्या तळहातावर घ्यायला शिकवलं. दोघींचे नवरे कंपनीत शिफ्टला गेले की अळ्यांच्या शेडमध्ये आम्हीच. पाला कापायचा, रॅकवर पसरायचा आणि माहेरच्या गोष्टी बोलत बसायचं. इतकं निवांत बोलणं पुन्हा कुणाशी झालं नाही.

एका पावसाळ्यात ऊन पडेचना. शेडमध्ये दमट हवा कोंदली. अळ्या कोष करायच्या बेतात होत्या, आणि एका सकाळी काही अळ्या पाला सोडून रॅकच्या कडेकडेनं भटकताना दिसल्या. अंग फुगलेलं, कातडी तकतकीत. एकीला धक्का लागला तर दुधासारखं पाणी बाहेर आलं. रेशीम खात्याच्या प्रशिक्षणात दाखवलेला ग्रासरी रोग तो हाच. त्या पाण्यातूनच पसरतो आणि त्यावर औषध नाही.

"ताई, या वेचून काढाव्या लागतील."

"जित्या हायत गं अजून," जाऊबाई म्हणाल्या. "कोंबड्यांना तरी टाकू."

"नको. त्यांच्या विष्ठेतून रोग परत इथंच येईल."

 पदर खोचून मग जाऊबाईंनीच बादलीत चुना आणि ब्लीचिंग पावडर कालवली. चिमट्यानं एकेक अळी उचलून आम्ही त्यात सोडत होतो. जाऊबाई दर वेळी मान फिरवायच्या. दुपारी लांब बांधाशी खड्डा घेऊन सगळं पुरलं. उरलेल्या अळ्या विरळ केल्या, वर चुन्याची भुकटी धुरळली, खिडक्या उघड्या टाकल्या. ओला पाला आधी सुकवायचा, मगच घालायचा.

तरी निम्मेसुद्धा कोष हाती लागले नाहीत. "आता पुरे," जाऊबाई म्हणाल्या. पण आठवडा सरला नाही तोच त्या शेड धुताना दिसल्या.

"रिकामी बघवंना," एवढंच म्हणाल्या.

मीही झाडू घेतला. हिवाळ्याची बॅच छान निघाली. उन्हात बसून कोष वेचताना त्या एखादा कानाशी धरून हलवायच्या आणि आतला किडा खुळखुळला की माझ्या कानाशी धरायच्या.

आता तिथं गोदाम आहे. जाऊबाई लेकाकडे ताथवड्याला राहतात. मी गेले की चहा गाळता गाळता विचारतात, "करायचं का गं परत?"

रान राहिलेलं नाही, हे दोघींनाही ठाऊक असतं. तरी शेडचं तोंड कुठल्या दिशेला असावं, इथपासून आम्ही बोलायला लागतो.