भूगोलाच्या सरांचं जीवशास्त्र

चौगुले सरांनी मला फसवलं. सव्वादोन वर्षं, दर मंगळवारी दुपारी चार वाजता, समोर बसवून, चहा पाजून फसवलं. मी गडमुडशिंगीचा, म्हशींचा व्यापारी. बाप दुसऱ्याच्या गोठ्यावर शेण काढायचा, मी सातवीत शाळा सोडून दुसऱ्यांच्या म्हशी हाकत बाजारात आलो आणि आज माझ्या शब्दावर बाजारात भाव फुटतो. तोंडात हात घालून दात बघितल्याशिवाय मी कुठल्या जनावराच्या दोरीला हात लावलेला नाही. पण सर कुठल्या विषयाचे, हे मी एकदाही विचारलं नाही. ते भूगोलाचे होते. मला ते जीवशास्त्र शिकवत होते. आणि हे मला ते गेल्यावर पंधरा दिवसांनी, भर सभेत, शंभर माणसांसमोर कळलं.

ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो. सोमवार होता. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची आणि दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. माझी तीन बोटं शिरोळच्या एका गिऱ्हाइकाच्या हातात होती. खिशातला फोन वाजला, डाव्या हातानं कानाला लावला. सुमनवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, सर गेले... सकाळी चहा घेता घेता." मी हात काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा सौदा अर्धा सोडून चालू लागलो. मागून गिऱ्हाईक ओरडत होतं, "ओ शामराव, जमलं का न्हाई म्हणायचं?" मी वळून बघितलं नाही.

सरांकडे मी कसा गेलो, ते सांगतो. एका नावाजलेल्या मुऱ्हा म्हशीची धाकटी बहीण मी घेतली होती. सख्खी बहीण. आई तीच, रेडा तोच, गोठा तोच, वैरण तीच. थोरली दिवसाला सोळा लिटर देते, धाकटी सहाच्या पुढं सरकेना. बाजारात लोक मला हसायला लागले. "शामरावांनी बहीण बघून घेतली!" असं कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकाच आईबापाची दोन लेकरं, एक असं आणि एक तसं का? जनावरांच्या डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, "निसर्ग हाय, शामराव." निसर्ग म्हणजे काय, हेच तर मी विचारत होतो. मग कोल्हापुरात माझ्या न्हाव्याच्या दुकानात मी मोठ्यानं विचारलं, इथं कोण सायन्सचे सर राहतात का? न्हाव्यानं कात्रीनं समोरचं घर दाखवलं. "ते बघा चौगुले सर. लई हुशार."

मी रस्ता ओलांडला. सर दारात पेपर वाचत बसले होते. मी नमस्कारसुद्धा न करता विचारलं, "सर, बायलॉजी येतं का?"

सरांनी पेपर खाली केला. माझ्याकडं बघितलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. "येतं की," म्हणाले.

मी दोन बहिणींची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "उत्तर आहे. पण ते शेवटच्या धड्यात आहे. त्याच्या आधी पेशी शिकावी लागेल. घाई चालणार नाही." फी घ्यायला तयार होईनात. फुकटचा माल म्हटला की मला संशय येतो. पाऊण तास हुज्जत घातली. जगात मी पहिला असेन ज्यानं समोरच्याला जास्त घ्या म्हणून सौदा केला. शेवटी दर मंगळवारी दोन लिटर दूध आणि शेवटच्या धड्यानंतर एकदा त्यांना बाजार फिरवून आणायचा, यावर ठरलं. सौदा म्हणजे सौदा. मी हातावर हात मारून घेतला.

पहिल्या धड्याला सरांनी पेशी काढली. हात काय सुंदर होता त्यांचा! "ही वेस. पेशीपटल. काय आत येणार, काय बाहेर जाणार, ते या नाक्यावर ठरतं. मधलं हे केंद्रक, म्हणजे कलेक्टर कचेरी, सगळे मूळ कागद इथं. या तंतुकणिका, म्हणजे वीजघर. आणि हे गॉल्जी पिंड, म्हणजे मार्केट यार्ड, माल पॅक करून इथून रवाना होतो." चित्र पूर्ण झाल्यावर त्यांनी वरच्या कोपऱ्यात एक बाण काढून त्याच्या टोकाला 'उ' लिहिलं. मी विचारलं, हा कशाचा? सरांनी बाणाकडं बघितलं... "उत्तर दिशा. माणसाला दिशा माहीत असावी." मी वहीत बाण उतरवून घेतला. पुढं सगळ्या चित्रांना बाण काढले, आणि खाली प्रमाणसुद्धा लिहिलं. एकदा तो जनावरांचा डॉक्टर माझी वही बघून फिदीफिदी हसला. "शामराव, पेशीला उत्तर दिशा?" मी त्याला झाडला. म्हटलं, "डॉक्टर, तुमाला दिशा ठावं न्हाई म्हनून तर आमच्या म्हशी दगावत्यात." आता त्या माणसाची माफी मागायची पाळी माझ्यावर आली आहे. ती मी मागणार नाही, तो भाग वेगळा.

डीएनए सरांनी मला सातबाऱ्यावरून शिकवला. मूळ दप्तर कचेरीबाहेर जात नाही, बाहेर जातो तो उतारा. डीएनए म्हणजे दप्तर, आरएनए म्हणजे उतारा, आणि बाहेर बसलेला रायबोसोम तो उतारा वाचून प्रथिन तयार करतो. हे मला एका दमात पटलं. मी विचारलं, "मग उतारा काढून देणारा तलाठी कोन?" सरांनी चष्मा पुसला. मग त्यांचं ठरलेलं वाक्य आलं, "चांगला प्रश्न आहे. त्याला मंगळवार लागेल." पुढच्या मंगळवारी मी चप्पल काढायच्या आत त्यांनी सांगितलं, "तलाठ्याचं नाव आरएनए पॉलिमरेज!" मला वाटायचं, काय शिस्त आहे माणसाची, जे ज्या दिवशी सांगायचं ते त्याच दिवशी सांगतो.

गुणसूत्रांवरून मात्र आमचं जोराचं वाजलं. माणसाला सेहेचाळीस, मुऱ्हा म्हशीला पन्नास. हे ऐकून मी खूश झालो. म्हैस माणसापेक्षा चारनं सरस आहे, हे मला आधीपासून माहीत होतं. पण सर पुढं म्हणाले, "आणि गाईला साठ." मी वही मिटली. बत्तीस वर्षं म्हशींवर जगलेला माणूस मी.

"साठ जरा जास्त हुत्यात सर. पंचावन्न धरा."

"अहो शामराव, हे मोजलेलं आहे."

"कुनी मोजलं? गाईवाल्यानंच मोजलं असणार. बरं, तुमचं ऱ्हाऊ दे, माझं ऱ्हाऊ दे, सत्तावन्न."

"जोड्या असतात हो! सत्तावन्न कसे होतील?"

"मग छप्पन्न. शेवटचं सांगतो."

आतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. मी रागानं उठून निघून आलो. पुढच्या मंगळवारी दूध पाठवलं, मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी सर स्वतः दारात उभे होते, माझी वाट बघत. म्हणाले, "साठच आहेत. पण गुणसूत्रं जास्त म्हणजे जनावर भारी, असं काही नसतं. मी बघितलं... म्हणजे, असं आहे." तो 'बघितलं' हा शब्द तेव्हा माझ्या कानावरून गेला. म्हशीनं कान हलवला तरी मला कळतं, आणि हे कळलं नाही.

आणखी एक प्रसंग. डीएनएची अक्षरं चारच, आणि अमिनो आम्लं वीस. चार अक्षरांत वीस नावं कशी बसतात? त्या दिवशी सर सारखे अडखळत होते. पुस्तकातलं वाक्य दोनदा वाचलं, फळ्यावर लिहिलं, पुसलं. मला कीव आली. खांद्यावरचा टॉवेल काढून मी त्यांच्या हातावर टाकला आणि आत त्यांची चार बोटं धरली. "हे बघा सर, अंगठा सोडा. चार बोटं म्हंजे तुमची चार अक्षरं. मी लागोपाठ तीनदा दाबनार. कुठलंबी बोट, कितीबी येळा. असे किती वेगवेगळे भाव सांगता येतील?" सर पुटपुटले, "चार... चार चोक सोळा... सोळा चोक..." आणि ताडकन उभे राहिले. टॉवेल खाली पडला. "चौसष्ट! अगं, चौसष्ट होतात!" वहिनी कणकेच्या हातानं बाहेर धावत आल्या. त्यांचाही चेहरा असा फुललेला, जणू घरात कुणी पहिलं आलं. मी म्हटलं, आणि भाव संपला की हात सोडायचा, ती थांबायची खूण. "तीही आहे!" सर ओरडले. "तशा खुणाही आहेत!" मला वाटलं, माझ्या हुशारीवर खूश झाले. आज कळतं, त्यांना स्वतःला ते त्या क्षणी समजलं होतं.

शोकसभा जयसिंगपूरला होती, त्यांच्या जुन्या शाळेत. हयातभर ते तिथं एसटीनं जाऊन-येऊन नोकरी करत होते, म्हणून तर कोल्हापुरात त्यांचा विषय कुणाला ठाऊक नव्हता. एक माजी विद्यार्थी उठला, आता चांगला पोट सुटलेला गृहस्थ. म्हणाला, "सरांनी मैदानात ओला दोर टाकून आम्हाला नद्या शिकवल्या. असा भूगोलाचा शिक्षक पुन्हा होणे नाही."

मी उठलो. "थांबा. कुठला भूगोल?"

सगळे माझ्याकडं वळले.

"सर बायलॉजीचे हुते!" मी ओरडलो. "मला त्यांनी रायबोसोम शिकवलाय!"

लोकांना वाटलं, माणसाला दुःख सहन झालेलं नाही. कुणीतरी मला पाणी आणून दिलं, कुणीतरी पाठीवर हात फिरवला. एक बाई हळूच म्हणाल्या, "सख्खा भाऊ असंल." मी खाली बसलो. डोळ्यांपुढं नुसता तो उत्तरेचा बाण नाचत होता.

दुसऱ्या दिवशी सरळ वहिनींपुढं जाऊन उभा राहिलो. दुःखाच्या घरात आवाज चढवू नये, हे मला कळतं. तरी चढला. "वहिनी, तुमाला ठावं हुतं?"

त्या आत गेल्या आणि एक गठ्ठा घेऊन आल्या. आठवीपासून बारावीपर्यंतची विज्ञानाची जुनी पुस्तकं, प्रत्येक पानावर पेन्सिलीनं खुणा. म्हणाल्या, "बुधवारपासनं वाचायला बसायचे. शनिवारपर्यंत डोकं धरून. रविवारी धडा लिहून काढायचे. आणि सोमवारी मी तुम्ही व्हायचे."

"म्हंजे?"

"मी पाटावर बसायचे आणि तुमच्यासारखं खेकसायचे. 'व्हय सर, पन असं का? कुनी मोजलं?' तुम्ही काय काय विचाराल ते सगळं मी आधी विचारायचे. त्यातनं ते सुटले, की मंगळवारी तुमच्यासमोर बसायचे. साठ गुणसूत्रांवर तुम्ही भांडणार, हे मात्र मला सुचलं नव्हतं."

मी विचारलं, खोटं कशाला सांगितलं? भूगोलाचा आहे म्हणाले असते तर मी परत गेलो असतो, एवढंच ना?

"त्याचीच भीती होती," वहिनी म्हणाल्या. "निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, भाऊजी. एकसुद्धा माणूस मला काही शिकवा म्हणत दारात आला नव्हता. तुम्ही आलात. तुम्ही संस्कृत येतं का विचारलं असतं, तरी ते येतं की म्हणाले असते."

मी गठ्ठा पुढं ओढला. पुस्तकं चाळत बसलो. गठ्ठ्यात सगळ्यात वर सरांची वही होती, तिच्यात शेवटचा धडा होता, अर्धगुणसूत्री विभाजन. नुसतं नाव आणि दोन ओळी. 'शामरावांच्या दोन बहिणी इथं सुटतात. आईबापाची पानं प्रत्येक लेकराच्या वेळी नव्यानं पिसली जातात.' पुढं एक चित्र, दोन सुतं एकमेकांवर पडलेली, तुकडे अदलाबदल करणारी. मला त्यातलं काही कळेना. कुठला तुकडा कुणाकडं, ते कसं?

"रविवारी त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "दोन रंगांची लोकर घेऊन. सोमवारी मी प्रश्न विचारणार होते..."

"मग तुम्ही सांगा की."

"मी? मी काय बायलॉजीची शिक्षिका आहे?"

"सर तरी कुठं हुते?"

त्या हसल्या, मग पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, आज नको, भाऊजी. मी उठलो.

याला महिना झाला. कुणी प्राध्यापक गाठला तर दोन मिनिटांत उत्तर मिळेल, हे मला कळतं. डॉक्टर मोबाईलवर दाखवतो म्हणाला. मी नको म्हटलं. सौदा ज्या घरात ठरला, त्याच घरात तो पुरा होतो. सर तर हात सोडून गेले. पण या फसवणुकीत ते एकटे नव्हते. पाटावर बसून माझा आवाज काढणारी, चौसष्ट झाले म्हणून कणकेच्या हातानं नाचणारी दुसरी भागीदार अजून त्या घरात आहे, हे जिथं छापून येतंय ती पेपरची रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून वाचते, आणि शेवटचा धडा तिला येतो.

म्हणून वहिनी, हे तुम्हाला. सगळ्यांसमोर विचारतोय, म्हणजे नाही म्हणता येणार नाही. येत्या मंगळवारी चार वाजता मी दूध घेऊन येतो. लोकर काढून ठेवा, आणि धाकटीनं काय पाप केलं होतं, त्याचा जाब द्या.