तिसरं पाणी

बटणांचा शर्ट मिस्त्री कधी घालत नसत. चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरत. काढलेला प्रत्येक बोल्ट डब्याच्या झाकणात ठेवत आणि डोळ्यांनी मोजत. इंजिन चालू असताना कुणाला बोलू देत नसत. आणि इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार सुटली, की वाकून तिला गाल लावत.

ही शेवटची सवय महिनाभरातली. तिच्यावर मी वहीत अडीच पानं लिहिली होती. यंत्रावरची माया वगैरे. मी साहित्यात एम.ए. केलंय. मिस्त्रींच्या वर्कशॉपवरच्या खोलीत भाड्यानं राहते.

मिस्त्री होड्यांची इंजिनं दुरुस्त करत. होडीच्या मागे लटकवतात ती. वापरलेली, खाऱ्या पाण्यात मुरलेली. ती बाहेरून पुसून भागत नाही, मीठ आत बसतं. गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन उभं करायचं आणि पंधरा मिनिटं चालवायचं. ते पाणी ओढून घेतं, पोटात फिरवतं आणि मागच्या भोकातून सोडतं. धार कोमट लागली तर ठीक. चटका बसला तर आतली वाट बुजलेली. लगेच बंद करायचं. मग पाणी बदलून पुन्हा. मिस्त्री तीन पाणी करत.

"कपडेसुद्धा तीनदा खळबळतात," ते म्हणत. "हे तर इंजिन आहे."

पिंपात सध्या उभं होतं ते त्यांच्या ताईचं. ताई खाडीच्या पलीकडच्या काठापर्यंत उतारूंची होडी चालवतात. त्यांचं आधीचं इंजिन महिन्यापूर्वी भर पाण्यात जाम झालं. मिस्त्रींनी त्यांच्यासाठी हे दुसरं, कुणीतरी वापरून टाकलेलं, शोधून आणलं. ताई रोज चारला डबा घेऊन यायच्या.

"झालं का रे?"

"दोन दिवस."

"तुझ्या दोन दिवसांना आता दाढी फुटली. लोक पुलावरून फिरून जायला लागलेत. एकदा सवय लागली की कोण येतंय परत? माझ्या होडीत कोंबड्या अंडी घालतायत."

"आम्लेट कर. मला अर्धं."

ताई हसायच्या. मिस्त्री हसत नसत.

शनिवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "साहित्यवाले, खाली ये जरा."

इंजिन सुरू होतं. मिस्त्रींच्या तोंडात कापसाचा बोळा होता.

"दाढ काढलीय. गाल बधिर आहे. धारेला बोट लाव."

"कोमट आहे."

"नक्की?"

"तुम्हीच लावा की बोट."

त्यांनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांच्या टोकांवर भाजल्याचे डाग होते. काही जुने, पांढरे. एक ताजा.

"दोन वर्षं झाली. साखर. बोटांना काही कळत नाही."



"ताईचं इंजिन मीच घालवलं. धारेला बोट लावलं, गार वाटलं. घेऊन जा म्हटलं. ती मधोमध गेली आणि..." त्यांनी हात खाली घेतले. "तेव्हापासून गाल."

"ताईंना सांगितलंत?"

"हे चालू करून तिच्या होडीला लावलं, की सांगणार. रिकाम्या हातानं कसं सांगू?"

त्या दिवशी दोन पाणी झाली. प्रत्येक वेळी बोट माझं. पेट्रोलची नळी काढून त्यांनी खिळ्याला अडकवली. मग तिसऱ्या पाण्यासाठी पिंप भरून ठेवलं, बादलीनं, स्वतः. मला हात लावू दिला नाही.

"उरलेलं उद्या. दमलो आज."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

रविवारी शटर उघडलं नाही. झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय.

वर जाऊन मी ती अडीच पानं काढली. पहिली ओळ वाचली आणि वही मिटली.

पाच दिवसांनी चार वाजता ताई आल्या. हातात डबा नव्हता. त्या स्टुलावर बसल्या. त्यांनी पिंपातल्या इंजिनाकडे बघितलं.

"काय राहिलंय याचं?"

"एक पाणी."

मग मी सांगून टाकलं. बोटांचं, गालाचं, जुन्या इंजिनाचं. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ठाऊक होतं गं मला. चुलीवरून उतरवल्यासारखा गरम डबा तो उघड्या हातानं धरायचा. हूं की चूं नाही."

"मग हे इंजिन त्यांच्याकडे का ठेवलंत?"

"दुसऱ्याकडे दिलं असतं, तर मला ठाऊक आहे हे त्याला कळलं असतं."

त्यांनी पदरानं इंजिनावरची धूळ पुसली, थोडीशीच.

"सांगणार होता म्हणतेस?"

"हो. होडीला लावलं की."

ताई उठल्या. मी नळीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. खिळ्यावरून ती कुणीच काढली नाही. पिंप काठोकाठ भरलेलं होतं आणि पाण्यावर पातळ धूळ धरली होती.